सईचं मधलं नाव

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. सातारा.

मुलगी झाली. साक्षी बरी आहे, बाळ बरं आहे. मीही बरा आहे, पण माझी चौकशी अजून कोणी केलेली नाही.

नाव आधीच ठरलं होतं. सई. साक्षीने सुचवलं, मी मंजूर केलं. आज दवाखान्यातल्या सिस्टरनी पाळण्याला लावायची चिठ्ठी लिहिली आणि बरोबर आहे ना म्हणून मोठ्यांदा वाचली. सई केरबा थोरात. पलीकडच्या कॉटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. त्यांचं बाळ त्याच वेळी रडलं हे खरं, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

सई. किती हलकं नाव. आणि त्याच्या पाठोपाठ केरबा. मोगऱ्याच्या कुंडीला टेकून कोणीतरी ट्रॅक्टर लावावा तसं.

मला स्वतःला या नावाचा काही त्रास नाही. जन्मापासून वागवलंय. कागदावर केरबा, व्हिजिटिंग कार्डावर केदार, आणि इतक्या वर्षांत दोघांची गाठ पडू दिलेली नाही. पण मधलं नाव म्हणजे बापाचं नाव, आणि ते पोरीला जन्मभर वागवायचं. शाळेच्या हजेरीत, बक्षीस समारंभात, पुढे विमानतळावर. तिचा काय गुन्हा? तेव्हा हे जे मी करणार आहे ते फक्त तिच्यासाठी. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माझाच गोंधळ नको.

ठराव: राजपत्रात केरबाचं केदार करून घेणे. मग जन्मदाखला काढणे. त्याआधी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नीट विश्वासात घेणे. चहा कमी करणे.

१९ जानेवारी, रविवार. सांगली.

आज कुंडलला जाऊन आप्पांना सांगणार होतो. गेलो नाही. ऊसतोड चालू आहे, ते दिवसभर फडात असणार, आणि असले नाजूक विषय फडात काढायचे नसतात.

साक्षी तीन महिने माहेरी साताऱ्यात. फ्लॅटवर मी एकटा. विचार करायला भरपूर वेळ. विचार केला.

केरबा हे आजोबांचं नाव. मी जन्मायच्या आधीच्या वर्षी ते गेले, आणि आप्पा रजेवर येऊन ते नाव माझ्या गळ्यात घालून परत बॉर्डरवर गेले. घरात गोची अशी की आईला सासऱ्याचं नाव घेता येत नाही. म्हणून तिने मला पप्पू केलं. एवढंच नाही, आमच्या घरात कधी केर निघालाच नाही. केर म्हटलं की सासऱ्याचं नाव तोंडात येतं म्हणून आई 'लोटून घे' म्हणते. बहीण नंतर झाली, तोवर आप्पांची हौस फिटली होती. तिला मिळालं प्रियदर्शनी. याला न्याय म्हणत नाहीत.

शिवाय शाळेत गुरुजी रोज मला 'केरबा, केर काढ' म्हणायचे. रोज नाही, माझी पाळी असेल त्या दिवशी. पण मनावर परिणाम व्हायचा तो झालाच.

आणि मुख्य मुद्दा. केरबा हे जोतिबाचंच नाव. जोतिबा म्हणजे केदारनाथ. म्हणजे केरबा म्हणजे केदारच. मी नाव बदलतच नाहीये, अपडेट करतोय. हे आप्पांना असंच सांगितलं की झालं. उगाच घाबरत होतो.

पुढच्या रविवारी नक्की.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपार, तासगावात गाडीत बसून.

द्राक्षाचा सीझन. कंपनीचं औषध कोणत्या बागेत किती गेलं याचे दिवसभर फोन. त्यातून वेळ काढून नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. पाटीवर नाव होतं ॲड. अनीश गेनबा माने. मधलं नाव गेनबा, आणि माणूस मजेत पान खात होता. त्याने विचारलं, जुन्या नावात काय वाईट आहे. मी म्हणालो, वाईट काही नाही, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि शिक्का मारला.

अर्ज ऑनलाइन टाकून दिला. आप्पांना विश्वासात घेणं आधी ठरलं होतं, पण तीन दिवसांनी घेतलं काय आणि आज घेतलं काय, विश्वास तोच राहतो.

चहा चार वेळा. थंडी आहे.

२६ जानेवारी, रविवार. कुंडलहून परत, संध्याकाळ.

सांगितलं. म्हणजे, जे सांगायचं होतं ते नाही, पण विषय निघाला.

सकाळी शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून आप्पा पहिल्या रांगेत, छातीवर पदकं, सॅल्यूट अजून काटेकोर. घरी आल्यावर सोप्यात बसले आणि म्हणाले, नातीचं पूर्ण नाव सांग बघू, कसं वाटतंय ऐकूया. मी म्हणालो, सई. आणि तिथेच अडकलो. केदारनाथ, अपडेट, सगळं पाठ केलेलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

मी म्हणालो, आप्पा, दाखल्याचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. त्यात 'बा'ने संपणारी नावं घेत नाहीत.

हे मी का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. पण एकदा म्हटल्यावर ते आपोआप वाढत गेलं. सर्व्हर दिल्लीला आहे. जुनी नावं टाकली की लाल चौकोन येतो. बऱ्याच जणांची अडचण झालीय. मी इतकं बारकाईने सांगितलं की मलाच तो लाल चौकोन दिसायला लागला.

आप्पा ताठ बसून ऐकत होते. दिल्लीहून आलं म्हटल्यावर त्यांच्यासाठी ती ऑर्डर. मग काय करायचं म्हणत्यात, एवढंच विचारलं. मी म्हणालो, केदार चालतंय. थोडा वेळ ते पदकं काढून डबीत ठेवत राहिले. मग म्हणाले, "घाल मग केदार. पोरीचं आडाय नगं." आणि जरा थांबून, "चूक माजी हाय. मी ठिवलं ते नाव. मला काय म्हाईत, फुडं असं हुतंय म्हणून."

ते चक्क माझी माफी मागत होते. मला घास जाईना. तरी तीन भाकरी खाल्ल्या, नाहीतर आईला संशय आला असता.

एक चांगली गोष्ट मात्र घडली. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे आता हे नाव मला घ्यायला येतंय व्हय? मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "केदार." परत म्हणाली, "केदार." नंतर चुलीपाशी जाऊन एकटीच म्हणत होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने पोराला नावाने हाक मारली. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

तर विचार करता असं दिसतं की हे सगळं मी आईसाठीच केलं. सईसाठी आणि आईसाठी.

२ फेब्रुवारी, रविवार. सांगली.

आठवडाभर नीट झोप नाही. आप्पांचं ते 'चूक माजी हाय' डोक्यातून जात नाही. माणसाने सीमेवर नोकरी केली, कधी कोणाची माफी मागितली नसेल, आणि मागितली ती एका लाल चौकोनापायी.

ठराव: आज फोन करून खरं सांगणे.

फोन केला नाही. फोनवर गैरसमज होतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं, "आप्पा, सॉफ्टवेअरचं खरं नव्हतं. मलाच नाव नको होतं." पाठवलं. लगेच डिलीट केलं. दोन मिनिटांत आप्पांचा फोन. "केरबा रं, काय खोडलंस?" म्हणालो, गुड मॉर्निंग होतं, संध्याकाळ झालेली लक्षात आली.

नाव मला नको होतं, हे तरी पूर्ण खरं कुठे आहे. सईला नको असणार. ती बोलायला लागली की सांगेलच.

९ फेब्रुवारी, रविवार.

आष्ट्याहून प्रियदर्शनीचा फोन. तिला कुंडलची सगळी खबर असते. विचारते, दादा, तू आप्पांना काय सांगितलंयस?

झालं ते असं. आप्पांनी माझं सॉफ्टवेअर कट्ट्यावर सांगितलं. चांगल्या हेतूने, लोकांनी वेळीच सावध व्हावं म्हणून. आता आमच्या गल्लीत ज्योतिबा नाना, त्यांच्या शेजारी धोंडिबा, पलीकडे विठोबा तात्या, आणि मळ्याकडे म्हादबा तर दोन आहेत. ज्योतिबा नानांनी धसका घेतला. ऊसबिल बँकेत जमा व्हायचंय, आणि त्या कंप्युटरला पण लाल चौकोन आला तर? त्यांच्या सुनेने जोतिराम चालेल का म्हणून कोणाला तरी विचारलंय. विठोबा तात्या म्हणतात, मरायला टेकलो आता नाव कुठलं बदलताय, तसंच घाला सरणावर.

प्रियदर्शनीने विचारलं, हे खरं आहे का. मी म्हणालो, तसं काहीतरी आहे, सगळीकडे नाही, काही ठिकाणी. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला तिचं बोलणं जास्त ऐकू येतं.

मी एवढंच म्हणेन की लोकांनी अफवांवर विश्वास ठेवायला नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

साक्षीला गुलाबाचा फोटो पाठवला. तिने सईच्या लंगोटाचा फोटो पाठवला.

आईचा फोन. ज्योतिबा नाना गावातल्या सेवा केंद्रात गेले होते. केंद्रवाल्याने सांगितलं, असला काही नियम नाही, कोणीतरी थट्टा केलीय. हे कळल्यावर आप्पा स्वतः तिथे गेले आणि चारचौघांत त्याच्याशी भांडले. आई सांगत होती, कोणाशी कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस म्हणत होता, "माजा पोरगा सायेब हाय. त्यो बापाशी खोटं बोलंल व्हय?" केंद्रवाला शेवटी म्हणाला, असेल बाबा, वरनं आलं असेल.

आईने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. शेवटी म्हणाली, काळजी घे हां केदार. आता ती प्रत्येक वाक्यात केदार घालते.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. मग पाणी वाया जातंय म्हणून बंद केला.

ठराव: रविवारी कुंडल. काय वाटेल ते होवो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

गेलो होतो. पलूसपर्यंत. तिथे चहा घेतला आणि विचार केला की आप्पा आत्ताच चारचौघांत भांडलेत. लगेच खरं सांगितलं तर त्यांचीच नाचक्की. म्हणजे न सांगणं हेच त्यांच्या हिताचं. परत फिरलो. वाटेत त्यांच्यासाठी छान कानटोपी घेतली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

राजपत्र प्रसिद्ध. जुने नाव थोरात केरबा आप्पासो, नवे नाव थोरात केदार आप्पासो. छापील. सरकारी. आनंदाच्या भरात पीडीएफ ऑफिसच्या ग्रुपवर टाकली.

मग एकाने लिहिलं, "सर, तुमचं नाव केरबा होतं?"

बारा वर्षं या कंपनीत आहे. कोणालाही माहीत नव्हतं. आज सगळ्यांना कळलं, आणि कळवलं कोणी, तर मी. संध्याकाळपर्यंत सांगली डेपोपासून पुण्याच्या हेड ऑफिसपर्यंत मी केरबा. एरिया मॅनेजरने फोन करून विचारलं, काय केरबाशेठ, टार्गेट कुठवर आलं. प्रेमाने विचारतात, त्यामुळे चिडताही येत नाही.

हे तात्पुरतं आहे. महत्त्वाचा आहे तो दाखला.

२ मार्च, रविवार. सातारा.

सईने माझं बोट धरलं आणि सोडेना. तिची मूठ केवढी, पकड केवढी. मी तिला सांगितलं, तुझ्यासाठी बाबा खूप धडपडतोय. तिने शिंक दिली.

साक्षीला राजपत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली. म्हणाली, मला केरबा आवडायचं, सरळ नाव होतं. नव्या पद्धतीने मध्ये आधी आईचं नाव येतंच, म्हणजे सई साक्षी केरबा थोरात, काय वाईट होतं त्यात? बाळंतपणात बायका हळव्या होतात. मग तिने विचारलं, आप्पांना वाईट नाही ना वाटलं? मी म्हणालो, छे, उलट त्यांनीच घाल म्हणून सांगितलं. हे शब्दशः खरं आहे. त्यांनी 'घाल मग केदार' असंच म्हटलं होतं. तरी मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी लंगोट वाळत घालायला गच्चीवर गेलो.

गच्चीवर सासरे, विष्णुपंत, झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, जावईबापू, दाखल्याचं माझ्यावर सोडा, माझी सगळी नोकरी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर गेली.

हे मला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. अख्ख्या जिल्ह्यात या एका विषयातला एकच जाणकार माणूस माझ्या ओळखीचा, आणि तो माझा सासरा, आणि तीन आठवड्यांनी बारशाला तो आणि आप्पा एका छताखाली असणार. लंगोट उलटे वाळत घातले असं साक्षी नंतर म्हणाली.

९ मार्च, रविवार. सांगली.

बारशाचं नियोजन. आप्पा आणि विष्णुपंत यांना एकत्र बसू द्यायचं नाही. एवढं जमलं की बाकी सगळं सोपं.

विष्णुपंतांना दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभं करायचं. आप्पांना साक्षीच्या मामांजवळ बसवायचं, ते वायुदलात होते, दोघांना पुरेल इतकी लढाई आहे. जेवणात एक पंगत आधी आप्पांची, दुसरी विष्णुपंतांची. मधल्या वेळात मी. साधी लॉजिस्टिक्स आहे. रोज तासगावात हेच करतो.

खरं सांगायचा ठराव अजून आहेच. बारसं झालं की लगेच. शुभकार्याआधी असलं काही काढू नये.

१८ मार्च, मंगळवार.

विष्णुपंतांनी दाखला काढून फोटो पाठवला. सई साक्षी केदार थोरात.

मी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. छान दिसतं. फार छान दिसतं. रविवारपर्यंत आनंदही होईल.

२३ मार्च, रविवार. सातारा. बारसं.

सुरुवात उत्तम. विष्णुपंत दारात, आप्पा मामांजवळ. कारगिलपर्यंत गप्पा पोचल्या होत्या. बायकांनी पाळणा म्हटला. प्रियदर्शनी आत्या म्हणून पुढे झाली, सईच्या कानात कुर्रर्र केलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पूर्ण नाव सांगितलं. सई साक्षी केदार थोरात. म्हणताना माझ्याकडे बघत होती. टाळ्या वाजल्या. आप्पांनीही वाजवल्या.

जेवणात फिसकटलं. विष्णुपंत म्हणाले, व्याह्यांना एकटं कसं जेवू द्यायचं, आणि स्वतःचं ताट घेऊन सरळ आप्पांच्या शेजारी बसले. मी मठ्ठ्याचा जग घेऊन धावलो. पोचेपर्यंत विष्णुपंतांचं सुरू झालं होतं. आप्पासाहेब, दाखला तर झाला, पण जावईबापूंनी एवढं चांगलं देवाचं नाव का बदललं ते काही मला कळलं नाही.

आप्पा म्हणाले, नव्या सॉफ्टवेअरमध्ये बा घेत नाहीत ना, म्हणून.

विष्णुपंत हसले. वाईट नाही हसले, चांगलेच हसले. म्हणाले, अहो, सगळी नोकरी त्या टेबलावर केली मी. मागच्याच महिन्यात शेजारच्यांच्या नातवाचा दाखला आणला, वडिलांचं नाव खंडोबा. असला नियम कुठला? कोणी सांगितलं तुम्हाला?

आप्पांच्या हातात जिलेबीचा तुकडा होता. त्यांनी तो ताटात ठेवला. मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी जग घेऊन समोरच उभा होतो. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त मी कोण आहे हे बघत होते.

मग विष्णुपंतांना म्हणाले, "कोण न्हाई सांगितलं. माज्याच वाचण्यात आलं हुतं कुठंतरी. माजीच गफलत झाली."

ज्या माणसाला कधी खोटं बोलताना मी ऐकलं नाही, तो माझ्यासमोर, माझ्यासाठी, माझ्या सासऱ्याशी खोटं बोलला. आणि बोलून स्वतः अडाणी ठरला. त्यानंतर विष्णुपंतांनी त्यांना प्रेमाने, सावकाश, समजावून सांगितलं की खेड्यापाड्यात अशा अफवा कशा पसरतात आणि शिकलेल्या मुलांना विचारून खात्री कशी करून घ्यावी. आप्पा व्हय, व्हय करत मान हलवत होते.

मी तिथे बोलू शकलो असतो. एकच वाक्य लागलं असतं. जग जड झाला होता, सांडेल असं वाटलं, म्हणून आत गेलो.

संध्याकाळी आई-आप्पांना स्टँडवर सोडायला गाडी काढली. पोवई नाक्यापाशी मी म्हणालो, आप्पा, ते सॉफ्टवेअरचं. ते म्हणाले, "गाडी बगून चालीव." एसटी सुटताना आईने खिडकीतून हात हलवत हाक मारली. केदार, जप रं.

लाज वाटते. साधी लाज नाही. इथे कारण लिहायला बसलो होतो, तेवढ्यात साक्षीने सईला मांडीवर आणून ठेवलं.

३० मार्च, रविवार. पाडवा. सांगली.

ठराव काही केला नाही.

आईचा फोन आला. केदार, श्रीखंड केलं होतं, तुझी आठवण झाली. मी विचारलं, आप्पा? आईने फोन त्यांच्याकडे दिला. ऊस गेला. पाणी आठ दिवसांनी येतंय. सईला ताप नाही ना. चांगलं बोलले, नेहमीइतकंच. ठेवल्यावर लक्षात आलं की काहीतरी कमी होतं. आप्पांचा फोन कायम 'केरबा रं' पासून सुरू व्हायचा. लहानपणी कुठून कुठून फौजेतून फोन यायचे, तारेतून खरखर यायची आणि पहिला शब्द तोच. आज सरळ उसापासून सुरू झाला.

साक्षीला हे फोनवर सांगितलं. तिला एव्हाना सगळं कळलं होतं, प्रियदर्शनीकडून. ती रागावली नाही. म्हणाली, अरे, त्यांच्या वडिलांना त्यांनी कधी नावाने हाक मारली असेल का? बापाला नावाने कोण हाक मारतं? तुला मारायचे तेवढीच.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार.

आठवड्यात तीन फोन झाले. केरबा नाही, केदार नाही. दोन्ही वगळून एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. आप्पा वाक्यंच अशी करतात की हाक लागतच नाही.

आज ठरवलं की त्यांच्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं. कोणतंही चालेल. ऑफिसचा नवीन मोबाइल मिळालाय, तो नंबर त्यांच्याकडे नाही. त्यावरून लावला. आप्पांनी उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय.

मी म्हणालो, मी.

मी कोण, असं त्यांनी विचारलं.

मला आता नाव सांगायचं होतं. केदार म्हणालो तर ते 'बरं' म्हणाले असते. केरबा म्हणायचा तर हक्क राहिलेला नाही, राजपत्रात तसं छापलंय. मी नुसताच फोन धरून उभा. पलीकडे मोटारीचा आवाज येत होता, पाणी सोडलेलं असणार. मला वाटलं आता ठेवतील.

मग आप्पा म्हणाले, "व्हय व्हय. सईचा बाप न्हवं का?"

मी हो म्हणालो.